पुन्हा एकदा तीच खीर

चारचौघांत मराठी माणसाला आवडता चित्रपट विचारू नये. बिचाऱ्याला उगाच खोटं बोलावं लागतं. प्रश्न आला की तो आधी छताकडे बघतो, मग घसा साफ करतो आणि 'पथेर पांचाली' म्हणतो. वय चाळिशीच्या आत असेल तर 'कोर्ट'. पंचविशीच्या आत असेल तर एखादा कोरियन चित्रपट, आणि दिग्दर्शकाचं नाव सांगताना आडनाव आधी. ऐकणारे गंभीरपणे माना डोलावतात, कारण आपली पाळी आली की त्यांनाही 'श्वास' म्हणायचं असतं.

आता हाच माणूस रविवारी दुपारी अडीच वाजता बघा. जेवण झालंय, वर वाटीभर श्रीखंड झालंय, पाय टीपॉयवर आहेत आणि समोर 'सूर्यवंशम'चा हीरा ठाकूर आहे. डोळे अर्धे मिटलेत, पण तोंड संवादाच्या अर्धा सेकंद पुढे चाललंय. 'पथेर पांचाली' त्यानं जन्मात एकदा पाहिलाय, तोही फिल्म सोसायटीच्या खुर्चीत, मधला भाग डुलक्यांत. 'सूर्यवंशम' किती वेळा पाहिला विचारलं तर म्हणतो, "छे हो, पूर्ण असा कधीच पाहिला नाही." आणि एवढं एक मात्र तो खरं बोलतो. 'सूर्यवंशम' पहिल्या पाटीपासून पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. तो नेहमी मधूनच लागतो. एका वर्षी लग्नाचा भाग, दोन वर्षांनी बसचा, मग कधीतरी दवाखान्यात बसल्यावर विषाच्या खिरीचा, असं करत करत जनतेनं तो हप्त्याहप्त्यानं पुरा केलाय.

'सूर्यवंशम' २१ मे १९९९ ला आला. तमिळमध्ये १९९७ साली गाजलेल्या त्याच नावाच्या चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. बापही अमिताभ बच्चन, मुलगाही तेच. नायिका दक्षिणेतली सौंदर्या, तिला आवाज रेखाचा. म्हणजे पडद्यावर अमिताभसमोर कुणीही उभं असलं तरी कानाला ऐकू कोण येतंय ते बघा. एवढं सगळं करूनही थिएटरात लोकांनी तो मनावर घेतला नाही. घेतला तो सेट मॅक्सनं. ही वाहिनीही त्याच १९९९ मधली. वाहिनीनं शंभर वर्षांचे हक्क घेऊन ठेवलेत अशी बातमी मध्यंतरी सगळीकडे फिरली. आपल्याकडे इतक्या लांब मुदतीचं नियोजन पाटबंधारे खात्यातही होत नाही. क्रिकेट संपलं की 'सूर्यवंशम', पावसानं सामना थांबला की 'सूर्यवंशम', सणाच्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही की 'सूर्यवंशम'. आणि एके दिवशी लक्षात आलं की हा चित्रपट आपल्याला आवडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुन्हापुन्हा पाहायचे चित्रपट आपण निवडलेले नसतात. ते भाडेकरूसारखे येतात, अकरा महिन्यांच्या कराराने. मग अकरा महिन्यांची अकरा वर्षं होतात, रेशनकार्डावर नाव चढतं, आणि पुढे कुणी विचारलं तर आपण छाती फुगवून सांगतो की यांना आम्हीच बोलावून आणलं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजून न्यूनगंड बाळगू नये. अमेरिकेत नाताळला सगळं कुटुंब एकत्र बसून 'इट्स अ वंडरफुल लाइफ' बघतं आणि रडतं. फ्रँक काप्राचा हा चित्रपट १९४६ साली आला तेव्हा खर्चही वसूल झाला नव्हता. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. टीव्ही केंद्रांना फुकटचा चित्रपट सापडला. फुकट आहे म्हणून त्यांनी दर डिसेंबरात लावला, पुन्हा लावला, दिवसातून दोनदा लावला. वीस वर्षांत त्याचं राष्ट्रीय परंपरेत रूपांतर झालं. एक अर्ज वेळेवर गेला असता तर आज अमेरिकन माणूस नाताळला दुसऱ्याच कुठल्या तरी चित्रपटावर रडला असता. आणि तितकंच मनापासून रडला असता, याबद्दल मला शंका नाही.

जर्मनांची तऱ्हा त्याहून अजब. दर ३१ डिसेंबरला ते 'डिनर फॉर वन' नावाचं अठरा मिनिटांचं प्रहसन बघतात. नव्वदीची म्हातारी, तिचे केव्हाच मेलेले चार पाहुणे, आणि त्या चौघांच्या वाटची दारू स्वतः पिऊन दर फेरीला वाघाच्या कातड्याला अडखळणारा नोकर. १९६३ मध्ये जर्मन टीव्हीनं ते चित्रित केलं. नट ब्रिटिश, संवाद इंग्रजीत, भाषांतर नाही. ज्या ब्रिटनचे हे नट, तिथं ते टीव्हीवर दिसायला २०१८ उजाडलं. जर्मन मात्र साठ वर्षं त्याच जागी हसताहेत. शिस्तप्रिय लोक, कातड्यावर नेमकं कुठं हसायचं हे ठरलेलं असल्यामुळे त्यांची चांगली सोय होत असावी.

तर आता आपल्या घरच्या पाहुण्याकडे वळू. पाहुण्यांकडे म्हणायला हवं, कारण ते चार आहेत आणि त्यांतले दोघे साडीत आहेत.

'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. दिग्दर्शक सचिन, लेखक वसंत सबनीस, निर्माते किरण शांताराम. गोष्ट आधी बंगालीत झाली, मग १९६६ साली हृषीकेश मुखर्जींनी तिचा हिंदीत 'बीवी और मकान' केला. तो पाहिलेला माणूस शोधून दाखवा, त्याला मी माझ्या खर्चानं मिसळ देईन. मराठीत येताच त्याच गोष्टीनं असा काही मुक्काम ठोकला की आता महाराष्ट्रात माणूस जन्माला येतो तो दोन गोष्टी घेऊन: आधार क्रमांक आणि सत्तर रुपयांचा किस्सा. पैकी आधार क्रमांक पाठ नसतो.

हा चित्रपट घरात कसा बघितला जातो हे नीट न्याहाळण्याजोगं आहे. कारण खरं पाहिलं तर पडद्याकडे कुणीच बघत नसतं. दिवाळसणाला नवा जावई आलाय असं समजा. फराळ झालाय. नाना रिमोट हातात घेऊन सहज लागल्यासारखा चित्रपट लावतात. सहज वगैरे काही नाही, सकाळीच जाहिरातीत वेळ बघून ठेवलेली असते. पाच मिनिटांत खोलीतली सगळी माणसं पडद्याकडे पाठ नाही तरी कूस करून बसतात आणि जावयाच्या तोंडाकडे बघू लागतात.

"जावईबापू, आता बघा हं," नाना म्हणतात.

"अहो, त्यांना बघू द्या ना," सासूबाई म्हणतात. याचा अर्थ, तुम्ही बोलू नका, मला बोलायचंय.

"हां, आता तो दार उघडेल," आत्या म्हणते. तो दार उघडतो. आत्या समाधानानं मान हलवते. अशोक सराफांनी आजही काम चोख केलंय, तिच्या देखरेखीखाली.

जावई इचलकरंजीचा. त्याला हा चित्रपट बालवाडीपासून पाठ आहे. पण आपल्याला आधीच सगळं येतं हे सासरी पहिल्या वर्षी दाखवायचं नसतं, एवढी अक्कल त्याला आहे. म्हणून तो हसतो, पण मुद्दाम अर्धा क्षण उशिरा, म्हणजे नवीन वाटावं. असं काही वेळ निभावतो. मग विश्वासराव सरपोतदार येतात. सुधीर जोशी तो चेहरा करतात, जो चेहरा करायला त्यांना एकही शब्द लागत नाही. इथं मात्र जावयाचे ओठ आपोआप हलतात.

"अगंबाई, यांना येतं की सगळं!" आत्या ओरडते.

त्या एका क्षणात मानपानातल्या सगळ्या उण्यादुण्यांवर पडदा पडतो. पत्रिकेत छत्तीस गुण जुळवतात, त्यात हा गुण धरलेला नाही, ही ज्योतिषशास्त्राची उणीव म्हटली पाहिजे.

तेवढ्यात आत्याला फोन येतो. "नंतर बोलते गं, सरपोतदार आलेत." पलीकडची बाई "बरं बरं" म्हणून ठेवून देते. कोण सरपोतदार, कुठून आले, जेवायला थांबणार का, असलं काही ती विचारत नाही. तिच्याकडेही तेच आलेले असतात.

या चित्रपटाबद्दल एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. त्याचा सगळा डोलारा एका अटीवर उभा आहे: घरमालकीण लीलाबाई काळभोर एकट्या पुरुषांना खोली देत नाहीत, जोडपं हवं. एवढ्यासाठी लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती होते आणि सचिनची सुधा. पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पुण्यात पूल झाले, मेट्रो झाली, बावीस-बावीस मजली इमारती झाल्या. पण एखाद्या सोसायटीच्या फाटकावर जाऊन "आम्ही चार मुलं आहोत, नोकरी करतो, फ्लॅट हवाय" म्हणून बघा. रखवालदार तुमच्याकडे बघतो ती नजर थेट १९८८ ची असते. चित्रपट जुना होत नाही याचं श्रेय आपण सबनीसांच्या लेखणीला देतो. थोडं सोसायट्यांच्या कार्यकारिणीलाही द्यायला हवं. जुनं झालंय ते फक्त भाडं.

आणखी एक. १९८८ हे बालगंधर्वांचं जन्मशताब्दी वर्ष. ज्या महाराष्ट्रानं शालू नेसलेल्या पुरुषाला डोक्यावर घेऊन 'वन्स मोअर'च्या आरोळ्या ठोकल्या, एकेक पद चारचार वेळा गाऊन घेतलं, त्या महाराष्ट्रानं शताब्दीच्या वर्षी नेमका हाच चित्रपट उचलून धरावा, हा योगायोग मला परिसंवादांपेक्षा जास्त बोलका वाटतो. पुन्हापुन्हा तेच मागणं ही टीव्हीनं लावलेली सवय नव्हे. संगीत नाटकाच्या काळात गोष्ट ऐन रंगात थांबवून लोक पद पुन्हा म्हणायला लावत. नायिका मरणपंथाला लागलेली असली तरी तिला आधी पुन्हा गावं लागे, मग मरावं लागे. आता रिमोटवर मागे जायचं बटण आहे एवढाच फरक. पेटीवाल्याला दम लागत नाही.

यातली एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये 'बनवाबनवी'तला शंतनू, म्हणजे व्ही. शांतारामांचा नातू सिद्धार्थ रे गेला. दोन्हींच्या मध्ये, एप्रिलमध्ये, 'सूर्यवंशम'ची सौंदर्या विमान अपघातात गेली. बेर्डे जेमतेम पन्नाशीचे, बाकीची दोघं त्याच्याही पुष्कळ आत. आज ज्या पोरांना पार्वतीचे सगळे हावभाव पाठ आहेत, त्यांतली निम्मी तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यांच्या लेखी लक्ष्या कुठं गेलेलाच नाही. येत्या शनिवारी संध्याकाळी आहे की.

बरं, 'पाहणं' हा शब्दही मी सवयीनं वापरतोय. पुन्हापुन्हाचा चित्रपट हा मुख्यतः ऐकायचा प्रकार आहे. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं राहिला. त्याच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या तशा संवादांच्याही निघाल्या आणि धडाधड खपल्या. लोक घरी बसून गब्बरसिंगला नुसतं ऐकत. मांडवातल्या कर्ण्यांवरही तोच. चित्र नसलं तरी कुणाचं काही अडत नसे, कारण चित्र केव्हाच डोक्यात बसलेलं. आजही घरोघरी काकू 'बनवाबनवी' स्वयंपाकघरातून बघतात, कणीक मळता मळता, फक्त आवाजावर. एखाद्याच जागी त्या कणकेचे हात वर धरून दारात येतात, तेवढं बघतात, हसतात आणि परत जातात. कुठल्या प्रसंगाला कुठल्या काकू बाहेर येतात, यावरून त्या घराबद्दल बरंच काही कळतं. पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मराठा मंदिराचा विषय निघाल्याशिवाय असला लेख पुरा होत नाही, म्हणून तोही उरकतो. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' २० ऑक्टोबर १९९५ ला लागला आणि तिथल्या सकाळच्या साडेअकराच्या खेळातून उठायचं नाव घेईना. याला पागडीचा भाडेकरू म्हणतात. २०१४ च्या डिसेंबरात हजार आठवडे झाले. दूरदेशीचे पत्रकार आले, त्यांनी अमर प्रेमावर लिहिलं. मी त्या थिएटरच्या समोर बघायला सांगेन. समोर मुंबई सेंट्रल स्टेशन आहे, शेजारी एसटीचा डेपो आहे. चित्रपट तीन तास नऊ मिनिटांचा. तिकीट वर्षानुवर्षं वीस-चाळीस रुपयांच्या आसपास. आता हिशेब करा: दुपारची गाडी आहे, सामान आहे, बाहेर मे महिना आहे. चाळीस रुपयांत तीन तास थंड हवा आणि बसायला गुबगुबीत खुर्ची मुंबईत कुठलं लॉज देईल? त्यात पुन्हा काजोल. पाय मोकळे करायला मध्यंतर. झोप लागली तरी हरकत नाही, उठल्यावर गोष्ट कुठं आलीय हे गाण्यावरून कळतं.

२०१५ च्या फेब्रुवारीत आता हा खेळ बंद, असं जाहीर झालं, तेव्हा देशभर हळहळ उसळली आणि खेळ पुन्हा सुरू करावा लागला. हळहळणाऱ्यांतले बहुतेक मराठा मंदिराच्या पायरीवरही कधी चढलेले नव्हते. चित्रपट चालू राहावा, कुणीतरी तो रोज साडेअकराला बघत राहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. नाटकवेड्या महाराष्ट्राला ही भावना परिचयाची आहे. गावातलं वाचनालय टिकलं पाहिजे असं कळवळून सांगणारे आपण सगळे वाचनालयात जातो कुठं?

खरे वारकरी वेगळे. एम. एफ. हुसेन यांनी 'हम आपके हैं कौन' पन्नासाहून जास्त वेळा पाहिला. पडदा लिबर्टी थिएटरचा, ओढ माधुरी दीक्षितची. लोकांना त्याचं नवल वाटलं. मला वाटलं नाही. जन्म पंढरपूरचा, वारी अंगात होतीच. फक्त विठोबानं जांभळी साडी नेसली होती. पुढे त्यांनी तिला घेऊन 'गजगामिनी' काढला, २००० साली. तो दुसऱ्यांदा पाहिलेला कुणी माझ्या माहितीत नाही. यातून हुसेन कमी ठरत नाहीत. चौदा गाणी असलेल्या लग्नाच्या व्हिडिओला पन्नास वेळा भेटायला जाता येतं आणि कलाकृतीला एकदाच, एवढं सिद्ध होतं. कलाकृती दमवते. व्हिडिओत निदान जेवणावळ तरी असते.

आता तुम्ही म्हणाल, की मराठी माणूस काय नुसते विनोदी नि लग्नाचेच चित्रपट पुन्हा बघतो? नाही. गंभीर चित्रपटही बघतो, पण त्याला निमित्त लागतं. सरकार पडायला लागलं की 'सिंहासन' बघतो.

जब्बार पटेलांचा हा चित्रपट १९७९ चा. कादंबऱ्या अरुण साधूंच्या, पटकथा विजय तेंडुलकरांची. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची ओढायला टपलेले अर्थमंत्री डॉ. लागू, आणि हे सगळं बघत हिंडणारा पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले. चित्रीकरण खुद्द मंत्रालयात झालं आणि ते करू दिलं तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी. या एका वाक्यावर स्वतंत्र सदर लिहिता येईल, पण संपादक रक्तदाबाचे रुग्ण आहेत.

एरवी वर्षानुवर्षं 'सिंहासन'ची आठवण कुणाला नसते. २०१९ च्या नोव्हेंबरात भल्या सकाळी शपथविधी झाला आणि लगेच सोसायटीच्या ग्रुपवर 'सिंहासन'ची लिंक. ते सरकार ऐंशी तासांत आटोपलं. काहींचा चित्रपट अजून मध्यंतरापर्यंतही आला नव्हता. २०२२ च्या जूनमध्ये आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले, पुन्हा तीच लिंक. लोक तो ज्या बारकाईनं बघतात ते पाहून वाटतं, पुढच्या प्रवेशाची तयारी चाललीय. आणि बघणारे फक्त मतदारच असतील असं समजायचंही कारण नाही. काही जणांनी त्यातून शिकवणीही घेतली असावी, कारण चाली तिथल्याच आहेत, फक्त मुक्कामाची हॉटेलं सुधारलीत. शेवटी दिगू टिपणीस वेड लागल्यासारखा हसत सुटतो. पूर्वी तो प्रसंग बघताना अंगावर काटा यायचा. हल्ली घरातलं कुणीतरी म्हणतं, "एवढं काय झालं याला? अजून तर कुणी पक्षचिन्हसुद्धा नेलेलं नाही."

हे सगळं आतापर्यंत घरच्या घरी, फुकटात चाललं होतं. आता धंदेवाल्यांना वास लागलाय. 'तुंबाड' २०१८ साली लागला. कोकणातल्या वाड्याची, लोभी मराठी ब्राह्मण घराण्याची गोष्ट. चांगला होता. पाहिलेल्यांनी नावाजला, बाकीच्यांनी टीव्हीवर येईल तेव्हा बघू म्हटलं. २०२४ च्या सप्टेंबरात तोच चित्रपट पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला! 'सनम तेरी कसम'चं तेच. २०१६ मध्ये ओस, २०२५ मध्ये पुन्हा लागला तर पोरं रुमाल घेऊन रांगेत. पहिल्यांदा न पाहिलेला चित्रपट दुसऱ्यांदा बघायला गर्दी होते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडायचं नाही. आपल्याला मात्र ते बरोबर कळतं. नवा चित्रपट बघायला जाणं ही जोखीम असते. तिकिटं, पार्किंग, मक्याच्या लाह्यांचे साडेतीनशे रुपये, आणि वर आवडेल की नाही याची खात्री नाही. पुन्हा लागलेला म्हणजे कुणीतरी आधी पाहून, पास करून दिलेला. सगळ्यांना आवडलाय म्हटल्यावर आपल्याला आवडून घेणं सोपं जातं.

दुसरीकडे मराठी निर्मात्यांचं गाऱ्हाणं तुम्ही दर शुक्रवारी वाचताच. चित्रपट चांगला, परीक्षणं चांगली, पण खेळ मिळतो सकाळी साडेनऊचा नाही तर रात्री अकराचा. प्रेक्षकांपर्यंत बातमी पोचेस्तोवर पोस्टर उतरलेलं. मग मोर्चा, मग निवेदन, मग थिएटरमालकांशी चर्चा, मग पुढचा शुक्रवार. त्यांच्यासाठी एक बिनखर्चाची सूचना आहे. नवा मराठी चित्रपट नवा म्हणून लावूच नये. थेट पुनर्प्रदर्शित करावा. पोस्टर थोडं पिवळट छापावं, कोपरे दुमडल्यासारखे, वर मोठ्या अक्षरांत 'पंचवीस वर्षांनंतर पुन्हा मोठ्या पडद्यावर'. नायकाला आत्ताच मिशी लावून घ्यावी. जाहिरातीत दोन-तीन ज्येष्ठांनी 'आमच्या कॉलेजच्या दिवसांत' एवढं म्हणून डोळे पुसावेत, पुढचं वाक्य लागत नाही.

पहिल्याच दिवशी हाउसफुल्ल जाईल, लिहून देतो. नाना जातील, सासूबाई जातील, आत्या तर संवादाच्या आधी बोलायचा प्रयत्नही करेल आणि एखादं जमूनही जाईल. बाहेर पडताना जिन्यावर गर्दीतून कुणीतरी मागे वळून म्हणेलच: "चांगला आहे, पण पहिल्यांदा पाहिला होता ना, त्याची मजा वेगळी होती."